बंद खोलीतली शेती आणि हवेतले पाणी

चौल-रेवदंड्याच्या वाडीत उभे राहून कोणी म्हणाला की शेतीला चार भिंती आणि एक दार लागते, तर ते ऐकणाऱ्याला पटायचे नाही. पोफळीची सावली, नारळाच्या झावळ्या, विहिरीचे पाणी आणि समुद्रावरून येणारा दमट वारा एवढ्या भांडवलावर इथल्या वाड्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. पण आता बंद खोलीत, दिव्यांच्या उजेडात, मांडणीवर मांडणी रचून कोशिंबिरीची पाने, कोवळे अंकुर आणि रोपे वाढवण्याची विद्या आपल्याकडेही आली आहे. मुंबईची बाजारपेठ समुद्रापलीकडे आहे. घरातली एखादी खोली रिकामी असते, मुलगा शिकून घरी आलेला असतो, आणि त्याच्या मनात हा विचार येतो. तो दिवे आणतो, मांडण्या आणतो, वातानुकूल यंत्र बसवतो. मग कोणीतरी सांगते, “हवेतली ओल काढणारे यंत्रही लागेल.” बाजारात त्याला डीह्युमिडिफायर म्हणतात. दुकानात गेल्यावर खोक्यावर लिटरचे आकडे दिसतात, आणि कोणते घ्यावे हे काही कळत नाही. या यंत्राची निवड कशी करावी, आणि त्याहीआधी ते लागते का, हे आज आपण पाहू.

प्रश्न लहान वाटतो, पण त्यात पैसा अडकलेला आहे. बंद खोलीतली शेती कर्ज काढून उभी राहते, आणि पावसाळ्यातल्या एका दमट आठवड्यात पानांवर राखाडी बुरशी धरली, तर सबंध मांडणी फेकून द्यावी लागते. यंत्र लहान पडले तर पीक जाते. नको इतके मोठे घेतले तर विजेचे बिल पीक खाते. म्हणून खरेदीच्या आधी कागद-पेन्सिल घेऊन बसावे हे बरे.

प्रथम दमटपणा म्हणजे काय ते समजून घेऊ. पावसाळ्यात आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटते, पापड सादळतात, काड्यापेटी पेटत नाही. मिठाला पाणी सुटते तेव्हा हवेची सापेक्ष आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेलेली असते. म्हणजे मिठाची बरणी हे आपल्या घरातले जुने आर्द्रतामापकच होय. सापेक्ष आर्द्रता म्हणजे, त्या तापमानाच्या हवेत जास्तीत जास्त जितकी वाफ मावू शकते, तिच्या किती टक्के वाफ प्रत्यक्षात आहे ते प्रमाण. यातला ‘त्या तापमानाच्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. हवा जितकी ऊन, तितकी तिच्यात वाफ अधिक मावते. एक घनमीटर हवेत २० अंश सेल्सियसला सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते, २५ अंशांना सुमारे २३ ग्रॅम, आणि ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम.

आता एक गंमत बघा. खोलीत दिवे लागलेले आहेत, तापमान २५ अंश आहे आणि आर्द्रता ६० टक्के आहे. म्हणजे घनमीटरमागे वाफ झाली सुमारे १३.८ ग्रॅम. रात्री दिवे विझले आणि खोली २० अंशांवर आली. वाफ तेवढीच राहिली, पण हवेची झोळी आता लहान झाली. १३.८ ग्रॅम हे १७.३ ग्रॅमच्या जवळजवळ ८० टक्के होतात. पाण्याचा एक थेंबही न वाढता ६० चे ८० टक्के झाले! आणि पाने खोलीतल्या हवेपेक्षा जरा थंड असली, तर त्यांच्या अगदी लगतच्या हवेत हा आकडा आणखी वर चढतो. पानावर दव धरते, आणि ते काही तास टिकले की बुरशीचे बीज रुजते. बंद खोलीतले बहुतेक नुकसान असे दिवे विझल्यावर होते. दिवसा आकडा पाहून समाधान मानणारा माणूस सकाळी फसतो तो यामुळेच.

तुम्ही म्हणाल, “मग वातानुकूल यंत्र काय कामाचे? तेही पाणी काढतेच की.” काढते, हे खरे. थंड नळ्यांवरून हवा गेली की तिच्यातली वाफ पाणी होऊन ठिबकते आणि बाहेर जाते. परंतु ते यंत्र तापमानाच्या हुकुमाने चालते. रात्री दिवे विझले, खोली थंड झाली की त्याचे काम संपले. ते स्वस्थ बसते. नेमके त्याच वेळी ओल वाढत असते. त्याला जबरीने चालवावे तर खोली आणखी गार होते आणि सापेक्ष आर्द्रता पुन्हा वर जाते. डीह्युमिडिफायर मात्र आर्द्रतेच्या हुकुमाने चालतो. त्यातही थंड नळ्या असतात, त्यांच्यावर वाफेचे पाणी होते. पण वातानुकूल यंत्राच्या गरम नळ्या घराबाहेर असतात, तर याच्या गरम नळ्या त्याच पेटीत असतात. थंड नळ्यांवरून कोरडी झालेली हवा गरम नळ्यांवरून खोलीत परत येते. म्हणजे हवा कोरडी होते, पण थोडी ऊनही होते. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचा हिशेब येणार आहे.

वातानुकूलनाची विद्या जन्मली तीही दमटपणाच्याच भांडणातून. १९०२ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे एका छापखान्यात उन्हाळ्याच्या दमट हवेने कागद फुगायचा आणि रंगीत छपाई एकावर एक नीट बसायची नाही. विलिस कॅरियर नावाच्या तरुण अभियंत्याने हवेतली ओल आवरण्याची योजना आखली. आपल्या मुंबईच्या कापडगिरण्यांत उलटी अडचण असे. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून तिथे मुद्दाम हवेत पाणी फवारत. तात्पर्य, कोणतीही हवा सर्वांना चांगली नसते. ती ज्या कामाला हवी त्या कामाची असावी लागते.

म्हणून पहिला प्रश्न: खोलीत पिकवणार काय? धिंगरी अळंबीला ऐंशी-नव्वद टक्के आर्द्रता आणि भरपूर खेळती हवा लागते. तिच्यासाठी डीह्युमिडिफायर घेणे म्हणजे नदीकाठी बसून तहानेने मरणे. थंड खोलीत केशराचे कंद फुलवणाऱ्यांनाही बऱ्यापैकी ओलसर हवा लागते. याउलट कोशिंबिरीची पाने, तुळशीसारखी सुगंधी पाने, कोवळे अंकुर, स्ट्रॉबेरी, टोमॅटोची रोपे यांना पन्नास ते सत्तर टक्क्यांच्या दरम्यानची हवा मानवते. फार दमट हवेत पान पाणी सोडू शकत नाही. पान पाणी सोडत नाही तर मूळ पाणी ओढत नाही, आणि पाण्याबरोबर वर चढणारा चुना, म्हणजे कॅल्शियम, कोवळ्या पानांच्या टोकापर्यंत पोहोचत नाही. मग पानांच्या कडा करपतात, आणि शेतकरी मात्र खताला दोष देत बसतो.

पीक ठरले, आता हिशेब. चौलच्या रामेश्वराच्या मंडपात पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड अशी तीन कुंडे आहेत हे त्या बाजूच्या लोकांना ठाऊकच आहे. आपल्या खोलीचा हिशेबही याच तीन नावांखाली मांडता येतो: पाणी, वारा आणि उष्णता.

पहिला हिशेब पाण्याचा. पुष्कळ लोक खोलीचे क्षेत्रफळ सांगून यंत्र मागतात, आणि दुकानदारही “इतक्या चौरस फुटांना इतके लिटर” असे सांगतो. ते राहत्या घराला ठीक. रोपांच्या खोलीला ते माप लागू पडत नाही. का ते बघा. बारा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच अशी खोली घ्या. तिच्यात सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. २५ अंशांना ती हवा वाफेने काठोकाठ भरली तरी सगळ्या खोलीतले पाणी एक लिटरही भरत नाही. मग रोज वीस-वीस लिटर पाणी काढावे लागते ते येते कोठून? ते येते तुमच्याच झारीतून. रोप मुळांनी जे पाणी ओढते, त्यातले शेकडा पंचाण्णवाहून अधिक पानांवाटे हवेत सोडून देते. यालाच बाष्पोच्छ्वास म्हणतात. तेव्हा ओल मोजायची तर झारी मोजा.

समजा, रोपे पूर्ण वाढलेली असताना रोज २४ लिटर पाणी घालता, त्यातले ४ लिटर खाली निथळून बाहेर जाते, आणि एखादा लिटर रोपांच्या अंगी लागतो. उरलेले १९ लिटर हवेत गेले. पाण्याच्या टाकीवर रोपे वाढवत असाल तर हिशेब आणखी सोपा: टाकीची पातळी राखायला रोज जितके नवे पाणी घालावे लागते, जवळजवळ तितकेच हवेत जाते. हा आकडा रोपे लहान असतानाचा धरू नका. पीक भरात असतानाचा धरा.

आता हे १९ लिटर चोवीस तासांत सारखे सुटत नाहीत. उजेडात पानांची छिद्रे उघडी असतात, तेव्हा पाणी जोरात सुटते. दिवे सोळा तास लागत असतील तर सुमारे १६ लिटर त्या सोळा तासांत सुटतील असे समजू. म्हणजे तासाला एक लिटर. यंत्राने हा जोर सांभाळला पाहिजे. तासाला एक लिटर काढणारे यंत्र म्हणजे दिवसाला २४ लिटरचे यंत्र. दिवे लागलेले असताना वातानुकूल यंत्र थोडे पाणी काढील, पण त्या मदतीवर भिस्त ठेवू नये. तिला हाताशी राखून ठेवलेली शिल्लक समजावे.

दुसरा हिशेब वाऱ्याचा. “एवढे यंत्र कशाला? खिडकी उघडावी,” असे घरातली वडील माणसे म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे वर्षातल्या काही महिन्यांपुरते बरोबरही आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री बाहेर १८ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर बाहेरच्या घनमीटर हवेत सुमारे ११ ग्रॅम वाफ असते, आत सुमारे १४. बाहेरची हवा कोरडी! एक साधा पंखा बसवा, जाळी लावा, आणि यंत्राला सुट्टी द्या. परंतु जुलैचे काय? बाहेर २८ अंश आणि ९० टक्के धरले तर बाहेरच्या घनमीटर हवेत सुमारे साडेचोवीस ग्रॅम वाफ होते. आतल्यापेक्षा घनमीटरमागे जवळजवळ ११ ग्रॅम जास्त. आपल्या ३४ घनमीटरच्या खोलीतली हवा फटींतून दर तासाला एकदा बदलत असेल, तर दिवसाकाठी पावणेनऊ लिटर पाणी नुसत्या फटींतून आत येते. नारळाची करवंटी गळकी असताना तिने विहीर उपसावी, त्यातलाच हा प्रकार.

म्हणून यंत्रावर पैसे घालण्याआधी दार, खिडकी, कौलांचा सांधा आणि तारांची भोके यांवर थोडे पैसे घाला. दाराला रबराची पट्टी लावा, भोके बुजवा. मंगलोरी कौलांखाली खोली कधीच बंद होत नाही. तिथे आत वेगळे छत करावे लागते. जांभ्याची, जुन्या विटांची किंवा मातीची भिंत पावसाळ्यात पाणी पिते आणि आत सोडते. अशा भिंतीला ओल अडवणारा थर द्यायचा तो बाहेरच्या बाजूने. थंड देशांतल्या पुस्तकांत तो आतून द्यायला सांगितलेला असतो, कारण तिकडे वाफ आतून बाहेर जाते. आपल्याकडच्या थंड केलेल्या खोलीत ती बाहेरून आत येते. पावसाळ्यात २८ अंश आणि ९० टक्क्यांच्या हवेचा दवबिंदू सुमारे २६ अंश असतो. खोली २५ अंशांवर ठेवली तर तिच्या काचेला घाम येतो तो बाहेरच्या अंगाने. तो पाहून ‘आत ओल फार’ असे समजू नये.

फटी बुजवल्यावर, आणि दार कामापुरतेच उघडले तर, बाहेरून येणारे पाणी दिवसाला एखाद्या लिटरवर येते. असा आपला दिवसाचा आकडा २० लिटर झाला, आणि भर उजेडातल्या जोरासाठी २४ लिटरची ताकद. त्यावर चौथा हिस्सा राखीव धरा: ३० लिटर. आणि एक गोष्ट विसरू नका. खोली पूर्ण बंद केली की उजेडात रोपे हवेतला कार्बनवायू संपवतात आणि वाढ मंदावते. तेव्हा दिवसातून थोडी ताजी हवा ठरावीक वेळी आत घ्यावीच लागते. ती घ्यायची तर बाहेरची आर्द्रता कमी असेल ती वेळ पाहून घ्यावी.

तिसरा हिशेब अग्नीचा, म्हणजे उष्णतेचा. डीह्युमिडिफायरची गरम नळी खोलीतच असते हे आपण मघाशी पाहिले. शिवाय वाफेचे पाणी होताना, पाणी वाफ होण्यासाठी जी उष्णता लागली होती तीच परत मिळते; एका लिटरमागे सुमारे पाऊण युनिट विजेइतकी. पानांनी ती आधी खोलीतूनच घेतलेली असते, म्हणून एकंदरीत हिशेब असा पडतो: दिव्यांना जितकी वीज दिली आणि यंत्राला जितकी वीज दिली, ती जवळजवळ सगळी खोलीत उष्णता म्हणून उरते. दीड किलोवॉटचे दिवे, सहाशे-सातशे वॉटचे यंत्र, वर पंखे आणि भिंतींतून येणारे ऊन. एक टनाचे वातानुकूल यंत्र सुमारे साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर टाकते. ते या खोलीला पुरेल, परंतु डीह्युमिडिफायरचा भार आधी जमेस धरला नसेल तर उन्हाळ्यात ते तोकडे पडते, आणि मग दोन्ही यंत्रे एकमेकांशी भांडत बसतात. बिल मात्र तुमचे.

विजेचेही बघू. साधारण बरे यंत्र एका युनिटात दीड ते अडीच लिटर पाणी काढते. दोन लिटर धरले तर वीस लिटरांना रोज १० युनिट, महिन्याला ३०० युनिट. आपल्या बिलावरचा दर घ्या, गुणाकार करा, आणि पिकाच्या उत्पन्नातून तो वजा करून पाहा. उरते का? उरत नसेल तर खोली बंद करण्याऐवजी धिंगरी अळंबीसारखे दमट हवेत सुखावणारे पीक घेणे शहाणपणाचे. असा निर्णय खरेदीआधी झाला तर तो नफाच समजावा.

आता दुकानात जाऊ. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, ‘दिवसाला ३० लिटर’. लगेच पाकीट काढू नका. विचारा, “हे कोणत्या हवेत?” बहुतेक वेळा उत्तर येते: ३० अंश आणि ८० टक्के. अशा ऊन-ओल्या हवेतून पाणी काढणे सोपे असते. तुमची खोली २५ ते २७ अंश आणि ६० टक्क्यांवर असणार. तिथे तेच यंत्र बहुधा निम्म्याच्या आसपासच पाणी काढते. म्हणजे खोक्यावरचे ३० लिटर तुमच्या खोलीत १५-१६ लिटर! आपली गरज ३० लिटरची, तेव्हा खोक्यावर साधारण ६० लिटर लिहिलेली ताकद हवी. अमेरिकेतही हा आकड्यांचा गोंधळ होता. तिथे २०१९ पासून घरगुती यंत्रांची चाचणी पूर्वीपेक्षा थंड हवेत घेण्याचा नियम झाला, आणि पूर्वी ‘७० पिंट’ म्हणून विकले जाणारे यंत्र ‘५०’च्या आसपासचे ठरले. यंत्र तेच, हवा बदलली. तेव्हा माहितीपत्रकात २७ अंश आणि ६० टक्क्यांचा आकडा दिला असेल तोच धरा. तो दिलेला नसेल तर लेखी मागा.

यंत्रांच्या जातीही निरनिराळ्या आहेत. कपाटात ठेवायचे मिठासारख्या पदार्थाचे डबे कपाटापुरतेच. हातात मावणारी, आवाज न करणारी छोटी विजेची पेटी असते. ती दिवसाला फार तर काही शे मिलिलिटर काढते, रोपांच्या खोलीला तिचा उपयोग नाही. उरल्या दोन जाती. एक दाबयंत्राची, म्हणजे कॉम्प्रेसरची. ती शीतकपाटाच्या तत्त्वावर चालते आणि ऊन हवेत उत्तम काम देते. दुसरी सिलिका जेलसारख्या ओल शोषणाऱ्या चाकाची. ती थंड हवेतही काम करते, पण चाक वाळवायला उष्णता लागते, म्हणून वीज अधिक खाते आणि खोली अधिक तापवते. पंधरा अंशांच्या आसपासच्या गार खोलीत कॉम्प्रेसरच्या नळ्यांवर बर्फ धरतो. तिथे चाकाचे यंत्र बरे. वीस अंशांच्या वर राहणाऱ्या खोलीला चौलच्या हवेत कॉम्प्रेसरचेच घ्यावे.

साठ लिटरचे एक घ्यावे की तीस-तीसची दोन? माझे मत दोनच्या बाजूला आहे. एक बिघडले तरी दुसरे निम्मे काम ओढते, आणि तेवढ्यात कारागीर येतो. हिवाळ्यात एकच चालवता येते. दोन यंत्रे खोलीच्या दोन टोकांना ठेवली तर हवाही सारखी कोरडी होते. किंमत थोडी जास्त पडेल, पण विमा म्हणून ती स्वस्त आहे.

किनाऱ्यावरच्या माणसाने आणखी काही गोष्टी पाहाव्यात. समुद्राची हवा खारी असते. तिने तांब्याच्या नळ्या आणि अॅल्युमिनियमचे पत्रे खाल्ले जातात. म्हणून नळ्यांवर संरक्षक लेप असलेले यंत्र मागावे, गाळणी दर पंधरवड्याला धुवावी, आणि यंत्र पडवीत न ठेवता बंद खोलीच्या आत ठेवावे. पाणी साठण्याची टाकी भरली की यंत्र आपोआप थांबते; रात्री दोन वाजता ती ओतायला कोणी उठत नाही. म्हणून पाण्याची नळी उताराने बाहेर काढण्याची सोय असलेले यंत्र घ्या, आणि उतार कोठेही चढता ठेवू नका. वीज जाऊन परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होते का, हे दुकानातच बटण बंद-चालू करून पाहा. कॉम्प्रेसर सुरू व्हायला दोन-तीन मिनिटे लागतात, तेवढे थांबा. पुष्कळ यंत्रे वीज गेल्यावर बंदच राहतात, आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते सांगायला नको.

विजेचा विषय निघाला म्हणून सांगतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, खांब पडले, आणि अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. बंद खोलीतली शेती अशा वेळी उघड्या वाडीहून नाजूक असते. त्या वेळी काय करायचे ते आधीच लिहून खोलीच्या दारावर लावा: दिवे जाताच पाणी देणे बंद करा, रोपे विरळ करा, बॅटरीवर निदान वारा घालणारे पंखे चालू राहतील अशी तजवीज ठेवा, आणि काढणीला आलेले पीक त्याच दिवशी काढा. वाहत्या हवेत पानावर दव लवकर धरत नाही. एका लहान पंख्याने पुष्कळ वेळा पीक वाचते.

यंत्र आणल्यावर ते कसे चालवावे? आर्द्रतामापक भिंतीवर टांगू नका. तो रोपांच्या उंचीवर, पानांमध्ये लावा. यंत्राची कोरडी ऊन हवा थेट रोपांवर येऊ देऊ नका. आकडा फार खाली लावण्याचा हव्यास नको. दिवसा ६० ते ६५, रात्री ५५ ते ६० पुरे. चाळीसवर आणाल तर रोपे सुकतील आणि वीजही फुकट जाईल. दिवे विझण्याच्या तासभर आधी पाणी घालणे थांबवावे. संध्याकाळी भरपूर पाणी घालण्याची आपली वाडीतली सवय इथे घातक आहे. यंत्रातून निघालेले पाणी पिऊ नये. ते पावसाच्या पाण्यासारखे क्षारविरहित असले तरी नळ्यांवरची धूळ आणि धातूचा अंश त्यात येतो. मात्र गाळून ते पुन्हा झाडांना घालता येते. वीस लिटर घातले, वीस लिटर परत मिळाले; उन्हाळ्यात विहिरी खाली जातात तेव्हा हे थोडके नव्हे.

शाळेतल्या शिक्षकांसाठी दोन शब्द. हा विषय वर्गात शिकवायला यंत्राची गरज नाही. पहिला प्रयोग: बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, काही थेंब पाणी घालून ते चिखलासारखे ओले करा, आणि आर्द्रतामापकाबरोबर घट्ट झाकणाच्या बरणीत दहा-बारा तास ठेवा. मापकाने ७५ टक्के दाखवले पाहिजेत. ८० दाखवले तर तो पाच टक्के जास्त बोलतो असे समजा. हा प्रयोग शेतकऱ्याच्याही कामाचा आहे. खोट्या मापकाच्या हुकुमाने चालणारे खरे यंत्र काय उपयोगाचे? दुसरा प्रयोग: जास्वंदीच्या पानेदार फांदीला प्लॅस्टिकची पिशवी बांधून ती उन्हात तासभर ठेवा. पिशवीत जमलेले पाणी मुलांना दाखवा आणि झाडाला किती पाने आहेत ते मोजायला सांगा. तिसरा: स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात बर्फाचे तुकडे थोडेथोडे टाका, तापमापकाने ढवळा, आणि पेल्यावर दव दिसताच आकडा वाचा. तोच त्या दिवसाचा दवबिंदू. जूनमध्ये आणि जानेवारीत हा प्रयोग करून दोन आकडे फळ्यावर शेजारी लिहा. ऋतू कसा बदलतो ते मुलांना आकड्यांत दिसेल.

आता सगळे थोडक्यात. आधी पीक ठरवा, मग फटी बुजवा. मग पीक भरात असतानाची झारी मोजा आणि भर उजेडातल्या तासाचा जोर काढा. त्यावर चौथा हिस्सा राखीव धरा, आणि तो आकडा २७ अंश आणि ६० टक्क्यांच्या कोष्टकात शोधा. शेवटी विजेचा खर्च मांडा आणि दुरुस्ती करणारा कारागीर अलिबागपर्यंत तरी मिळतो का ते विचारा. इतके केल्यावर ज्याला यंत्र घ्यावेसे वाटेल त्याने खुशाल घ्यावे. आणि हिशेब जमत नाही असे ज्याला दिसेल, त्याने एक हंगाम थांबावे, रोज सकाळी आणि रात्री खोलीतला आकडा वहीत टिपून ठेवावा, आणि पावसाळा संपल्यावर ती वही घेऊन पुन्हा हिशेबाला बसावे.